हृदयाचा आगाऊ ठोका

मनगटावर बोट ठेवून नाडी मोजायला बसलं की कधीकधी मध्येच एक ठोका गळतो. बोटाखाली काहीच लागत नाही आणि क्षणभराने छातीत आतून कुणी धक्का दिल्यासारखं वाटतं. माणूस घाबरून डॉक्टरकडे जातो आणि सांगतो, "ठोका चुकतो." गोंदिया-आमगावकडे कुणी म्हणेल, "छाती धडधड करून रायली." तक्रार अगदी खरी असते, पण आत घडतं ते वेगळंच. त्या क्षणी हृदय थांबलेलं नसतं. उलट त्याने एक ठोका वेळेआधीच उरकून टाकलेला असतो. घाईच्या त्या ठोक्याला खालचे कप्पे रक्ताने पुरते भरलेलेच नसतात, त्यामुळे बाहेर पडणारं रक्त इतकं थोडं असतं की त्याची लाट मनगटाला जाणवत नाही. मग हृदय नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ विसावतं. तेवढ्यात कप्पे चांगले भरतात आणि पुढचा ठोका जास्त रक्त जास्त जोराने फेकतो. छातीत धक्का बसतो तो या पुढच्या, अगदी नेहमीच्या ठोक्याचा. खरा आगाऊ ठोका बहुतेकदा गाजावाजा न करता निघून गेलेला असतो.

वैद्यकाच्या पुस्तकात याचं नाव 'प्रीमॅच्युअर व्हेंट्रिक्युलर कॉन्ट्रॅक्शन'. आपल्याकडचे डॉक्टर कागदावर 'व्हीपीसी' किंवा नुसतं 'एक्टोपिक' लिहितात, आणि रिपोर्टवर हा शब्द वाचून घरात सुतकी शांतता पसरते. ती पसरायला हवी की नको, हे दोन गोष्टींवर ठरतं: ठोका कुठल्या हृदयात आला, आणि दिवसाकाठी असे किती येतात.

आधी तो येतो कसा ते पाहू. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात काही खास पेशींचा एक पुंजका असतो. विश्रांतीच्या वेळी मिनिटाला साधारण ६० ते १०० वेळा तो विजेची बारीकशी लहर सोडतो. लहर वरच्या कप्प्यांतून उतरते, मधल्या गाठीपाशी किंचित अडते आणि मग खालच्या दोन मोठ्या कप्प्यांत, म्हणजे जवनिकांत, खास तंतूंच्या जाळ्यातून पसरते. या तंतूंमधून ती सेकंदाला २ ते ४ मीटर वेगाने धावते, म्हणून दोन्ही जवनिका जवळपास एकाच वेळी आकुंचन पावतात. आगाऊ ठोक्यात ही सुरुवातच चुकीच्या जागी होते. जवनिकेच्या स्नायूतलाच एखादा ठिपका वरून हुकूम यायच्या आत स्वतःहून पेटतो, आणि त्याची लहर तंतूंच्या वाटेने न जाता स्नायूच्या पेशीतून पेशीत सरकत जाते. इटियाडोह धरणाच्या नहराला पाणी सुटलं की ते पाटापाटाने सगळ्या बांध्यांना भराभर पोचतं. पण एखादा धुरा, म्हणजे शेताचा बांध, मध्येच फुटला तर तेच पाणी एका बांधीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत असं रेंगाळत जातं. स्नायूतून जाताना लहरीचा वेग सेकंदाला जेमतेम अर्धा मीटर उरतो. एक बाजू आधी आवळते, दुसरी मागून येते.

ईसीजीच्या पट्टीवर हे रेंगाळणं स्पष्ट दिसतं. नेहमीचा उंच सुळका अरुंद असतो, सेकंदाच्या दहाव्या भागात आटोपणारा. आगाऊ ठोक्याचा सुळका ०.१२ सेकंद किंवा त्याहून रुंद असतो, म्हणजे पट्टीवरची तीन बारीक घरं तरी व्यापणारा. त्याचा आकार बेढब असतो आणि पाठीमागे मोठी मोकळी जागा असते. चांगल्या तंत्रज्ञाला तो दुरूनही ओळखू येतो.

अडचण एवढीच की पट्टी काढताना तो हजर असावा लागतो. साध्या ईसीजीत साधारण १० सेकंदांचं हृदय टिपलं जातं. दिवसात असे १० सेकंदांचे ८,६४० तुकडे असतात. आपण त्यातला एक पाहतो आणि 'नॉर्मल' हा शिक्का घेऊन घरी येतो. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या हेलेना गावच्या नॉर्मन होल्टर यांना हीच गोष्ट खुपत होती. हृदय कामात असताना टिपता आलं पाहिजे, असा त्यांचा आग्रह. १९४०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी पाठीवर घ्यायचं जे पहिलं यंत्र बनवलं त्याचं वजन जवळपास ३८ किलो होतं. ते पाठीवर लादून सायकलचे पायडल मारतानाची नोंद त्यांनी केली. १९६१ साली 'सायन्स' या नियतकालिकात त्यांचं तंत्र प्रसिद्ध झालं आणि पुढे यंत्र आटत आटत खिशात मावेल एवढं झालं. आज छातीला चार-पाच चिकट्या लावून एक डबी कमरेला अडकवतात, त्याला आपण त्यांच्याच नावाने 'होल्टर' म्हणतो.

होल्टर आल्यावर डॉक्टरांनाच धक्का बसला. साध्या ईसीजीत सरासरी शंभरातल्या एखाद्याच निरोगी माणसात आगाऊ ठोका दिसे. २४ किंवा ४८ तास यंत्र लावलं तेव्हा तो ४० ते ७५ टक्के लोकांत सापडला. म्हणजे गोंदिया जंक्शनच्या फलाटावर उभ्या असलेल्या गर्दीतल्या निम्म्या लोकांना आज दिवसभरात एखादा तरी आगाऊ ठोका येऊन जाईल आणि त्यातल्या बहुतेकांना त्याचा पत्ताही लागणार नाही. १९८५ साली अमेरिकेतले हॅरॉल्ड केनेडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७३ अशा माणसांची हकीकत प्रसिद्ध केली, ज्यांना असे ठोके खूप येत होते, पण त्रास काही नव्हता आणि हृदयही धडधाकट होतं. सरासरी साडेसहा वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं गेलं. त्यांचं आयुर्मान सामान्य लोकांपेक्षा कमी नव्हतं.

मग भीती आली कुठून? ती आली हृदयविकाराच्या झटक्यातून. झटक्यात स्नायूचा एक तुकडा मरतो, त्या जागी व्रण राहतो, आणि व्रणाच्या कडेने विजेची लहर गोल गोल फिरत राहण्याची सोय होते. अशा हृदयात जास्त आगाऊ ठोके येणारे रुग्ण पुढे अचानक दगावण्याचं प्रमाण जास्त होतं, हे १९७०च्या दशकात दिसून आलं. त्यावरून काढलेला निष्कर्ष कुणालाही पटावा असाच होता: ठोके दाबा, माणूस वाचेल. ठोके दाबणाऱ्या गोळ्याही होत्या, आणि जगभरात त्या लाखो लोकांना दिल्या जात होत्या.

या समजुतीची परीक्षा अमेरिकेतल्या 'कास्ट' नावाच्या चाचणीने घेतली. झटका येऊन गेलेले रुग्ण निवडले, गोळीने ज्यांचे आगाऊ ठोके खरोखर कमी होतात अशांनाच घेतलं, आणि मग निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी दिली. एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड या दोन औषधांचा भाग १९८९ साली मध्येच थांबवावा लागला. औषध घेणाऱ्या ७५५ जणांपैकी ६३ जण मरण पावले होते, पोकळ गोळी घेणाऱ्या ७४३ जणांपैकी २६. ईसीजी सुधारला होता आणि माणसं जवळपास अडीच पटीने मरत होती. वैद्यकाच्या इतिहासात इतका स्वच्छ चपराक देणारा प्रयोग विरळाच. व्रण असलेल्या हृदयात ही औषधं विजेची वाट आणखी मंद करत होती आणि नव्या, जास्त घातक गडबडीला वाट मोकळी करून देत होती. आगाऊ ठोका हा तिथे आजाराचा निरोप्या होता. आजार वेगळाच होता. म्हणून आज झटका येऊन गेलेल्या रुग्णाला बीटा ब्लॉकर, रक्त पातळ ठेवणारी गोळी, कोलेस्टेरॉलची गोळी दिली जाते, बंद धमनी उघडली जाते, आणि पट्टीवरच्या चार-दोन बेढब सुळक्यांकडे डॉक्टर फार लक्ष देत नाहीत. रुग्णाला ही बेफिकिरी वाटते. तिच्यामागे १९८९चा धडा आहे.

निरोप्याला सोडून मुळावर जाण्याचं एक उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलंच आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर कोकणात महाडकडे नोकरीला गेले तेव्हा लाल विंचवाचा दंश म्हणजे कित्येकदा मृत्यू, अशी स्थिती होती. त्या विषाने शरीरातल्या अॅड्रेनालीनसारख्या रसायनांचा पूर लोटतो. घाम, उलट्या, थंडगार हातपाय, आणि हृदयात आगाऊ ठोक्यांसकट सगळा गोंधळ. शेवटी फुप्फुसात पाणी. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून ही लक्षणं क्रमाने नोंदवली. १९८२ साली त्यांचं निरीक्षण 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. पुढे त्यांनी रक्तदाबाची प्राझोसिन ही स्वस्त गोळी वापरली. ती ठोके दाबायचं औषध नव्हे. रसायनांच्या पुराने आवळलेल्या रक्तवाहिन्या ती सैल करते. हृदयावरचा भार उतरला की ठोकेही ताळ्यावर येत. दंशाने मरणाऱ्यांचं प्रमाण त्यानंतर कित्येक पटींनी घटलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

अॅड्रेनालीनचा पूर यायला विंचूच चावायला हवा असं नाही. छोटे छोटे लोंढे आपण रोज ओढवून घेतो. गोंदिया-भंडाऱ्याकडे तो मान खर्र्याला. सकाळी चहाच्याही आधी पानठेल्यावर पन्नीत घोटून घेतलेला खर्रा, आणि मग दिवसभर त्याचीच चिमूट गालात. सुपारी, चुना आणि तंबाखू. चुन्यामुळे तंबाखूतलं निकोटीन गालाच्या त्वचेतून झटकन रक्तात उतरतं, आणि निकोटीन अॅड्रेनालीन सोडायला लावतं. नाडी वाढते, रक्तदाब वाढतो, स्नायूतला एखादा उतावळा ठिपका पेटायला निमित्त मिळतं. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली. खर्रा मात्र गावोगाव घोटला जातोच आहे. तोंडाच्या कर्करोगाच्या भीतीने न सुटलेला खर्रा छातीतल्या धडधडीच्या भीतीने सुटत असेल, तर मी ती भीती घालायला तयार आहे. मोहाच्या दारूचंही तेच. रात्री जास्त झाली की पहाटे हृदय गडबडतं.

चहा-कॉफीवर मात्र उगाच जास्त आळ येतो. अमेरिकेत १०० निरोगी लोकांवर झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कॉफी प्यायलेल्या दिवशी सरासरी १५४ आगाऊ ठोके आढळले, न प्यायलेल्या दिवशी १०२. फरक आहे, पण लाखभर ठोक्यांत पन्नासेक ठोके म्हणजे फार नव्हे. चहाने धडधड वाढते असं स्वतःला जाणवत असेल तर कमी करावा, नाहीतर दोन कप चहासाठी कुणी अपराधी वाटून घेऊ नये.

उन्हाळ्याचा विषय मात्र गंभीर. मे महिन्यात पूर्व विदर्भात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि नेमक्या त्याच दिवसांत देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावच्या जंगलात तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. पहाटे निघालेली माणसं उन्हं चढेपर्यंत पानं खुडतात आणि मग बसून पुडे बांधतात. घामाने, त्यात जुलाब-उलट्या झाल्या तर आणखीच, अंगातली पोटॅशियम आणि मॅग्नेशियम ही खनिजं घटतात. हृदयाच्या पेशीची वीज याच खनिजांच्या देवघेवीवर चालते; ती कमी पडली की पेशी चिडखोर होते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांना हा धोका दुहेरी. नुसतं पाणी ढोसण्यापेक्षा जलसंजीवनीची पुडी बरी, कारण तिच्यात मीठ-साखरेबरोबर पोटॅशियमही असतं. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्याने मात्र डॉक्टरला विचारल्याशिवाय पोटॅशियम वाढवू नये. जास्त झालेलं पोटॅशियमही हृदय थांबवू शकतं.

या भागातल्या डॉक्टरांच्या मनात आणखी एक गोष्ट असते: रक्तक्षय, आणि त्यातही सिकलसेल. पूर्व विदर्भातल्या आदिवासी आणि अनुसूचित जातींच्या अनेक कुटुंबांत हा आनुवंशिक आजार आहे. २०२३च्या १ जुलैला शेजारच्या मध्य प्रदेशातल्या शहडोलमध्ये त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली ती याच पट्ट्याकडे बघून. हिमोग्लोबिन कमी असलं की तेवढाच प्राणवायू पोचवायला हृदयाला जास्त रक्त फिरवावं लागतं. वर्षानुवर्षं असं राबून त्याचे कप्पे ताणले जातात, आणि ताणलेल्या स्नायूत आगाऊ ठोके सहज उगवतात. धडधडीची तक्रार घेऊन आलेल्या बाईचा ईसीजी काढण्याआधी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहावी, हा जुन्या डॉक्टरांचा शिरस्ता आजही शहाणपणाचा आहे. थायरॉइड वाढलेलं असणं, झोपेत श्वास अडकणं, दम्यासाठी घेतलेली थिओफायलीनची गोळी, सर्दीची काही औषधं, ही कारणंही अशीच साधी, विचारल्याशिवाय न सापडणारी.

आता दुसरा प्रश्न: दिवसाकाठी किती? धडधाकट हृदय असलेल्या माणसालाही आगाऊ ठोके खरोखर इजा करू शकतात ते इथेच, आणि हे डॉक्टरांना कळून फार वर्षं झालेली नाहीत. १९९०च्या दशकापर्यंत समज असा की हृदय कमजोर झालं म्हणून असे ठोके येतात. पण काही रुग्णांत ठोके बंद केल्यावर कमजोर हृदयच सुधारू लागलं. म्हणजे त्यांच्यात कारण आणि परिणाम उलटे होते. दर चौथा-पाचवा ठोका रेंगाळत जाणारा असेल तर दोन बाजू कायम बेताल आवळतात आणि महिन्या-वर्षांत डावी जवनिका फुगून थकते. हिशेब सोपा आहे. हृदय दिवसाला सुमारे एक लाख ठोके देतं. मिनिटाला एक आगाऊ ठोका म्हणजे दिवसाला १,४४०, दीड टक्क्याच्याही आत. त्याने हृदय बिघडत नाही. दहा टक्के, म्हणजे दिवसाला १०,००० आणि मिनिटाला साधारण सात, इथून डॉक्टर सावध होतात. मिशिगन विद्यापीठाच्या २०१०च्या अभ्यासात २४ टक्क्यांच्या वर गेलेल्यांमध्ये हृदय कमजोर झालेलं असण्याची शक्यता ठळकपणे जास्त निघाली. वर आणखी एक विपरीत गोष्ट: ज्याला काहीच जाणवत नाही तोच जास्त धोक्यात, कारण धडधडणारा माणूस वेळेत डॉक्टर गाठतो आणि न जाणवणारा दहा वर्षं तसाच फिरतो. जिना चढताना दम लागू लागला की मग तो येतो.

समाधानाची बाब अशी की हे नुकसान बहुतेकांत भरून येतं. पहिला उपाय मेटोप्रोलॉलसारखा बीटा ब्लॉकर किंवा काही रुग्णांत व्हेरापामिल. त्याने भागलं नाही आणि ठोके एकाच ठिपक्यातून येत असतील तर अॅब्लेशन: जांघेतल्या शिरेतून बारीक नळी हृदयात नेतात, ठिपका शोधतात आणि टोकाच्या उष्णतेने तेवढाच जाळतात. नेहमीची जागा उजव्या जवनिकेच्या बाहेर पडणाऱ्या वाटेवर असते, आणि तिथे यशाचं प्रमाण ८० टक्क्यांच्या वर जातं. टूडी इकोमध्ये ४० टक्क्यांवर आलेली हृदयाची ताकद काही महिन्यांत पूर्ववत झालेली पाहायला मिळते. गोंदियात २०१६पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, ईसीजी आणि रक्ततपासणीसाठी गाव सोडावं लागत नाही. अॅब्लेशनसाठी मात्र सुमारे १३० किलोमीटरवरचं नागपूर किंवा त्याहून मोठं शहर गाठावं लागतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का, हे आधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारून घ्यावं, उसनवारी नंतर करावी.

कधी थांबायचं नाही, एवढं लक्षात ठेवलेलं बरं. धडधडीबरोबर चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी आली, माणूस बेशुद्ध पडला, छातीत दुखून घाम फुटला, धावताना किंवा ओझं उचलताना ठोके कमी होण्याऐवजी वाढले, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलेलं असलं, तर 'गॅस झाला असेल' म्हणून ओव्याचं पाणी पिऊन झोपू नये. शुद्ध हरपत असेल किंवा छातीत दुखत असेल तर १०८ला फोन करावा. बाकीच्यांनी ईसीजी, हिमोग्लोबिन, थायरॉइड, पोटॅशियम आणि एकदा टूडी इको एवढं करून घ्यावं, डॉक्टर म्हणाले तर होल्टर. हे सगळं ठीक निघालं तर ठोक्याकडे लक्ष देणं सोडून द्यावं. सतत नाडी मोजत बसलं की काळजीनेच अॅड्रेनालीन वाढतं आणि ठोकेही.

आणि धडधड चालू असताना काढलेला ईसीजी असेल तर तो जपून ठेवा. ती पट्टी उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर असते आणि उन्हात, प्लॅस्टिकच्या पिशवीत वर्ष-दोन वर्षांत पुसट होते. त्याच दिवशी तिची झेरॉक्स काढा किंवा मोबाइलवर फोटो घ्या, त्यावर तारीख लिहा, आणि पुढच्या डॉक्टरकडे जाताना बरोबर न्या.